झेपत नाही की उतरायचंच नसतं?
"इन्सेंटिव्ह (जास्त कामाला जास्त पैसे) लावला की बायका मागं पडतात, स्पर्धा झेपत नाही त्यांना" असं काहीजण म्हणतात, ते काय पटलं नाही बघा. झेपणं वेगळं नि त्यात उतरणं वेगळं. नीडर्ले आणि वेस्टरलुंड या दोघी अर्थतज्ज्ञांचा २००७ चा प्रयोग आहे, पाच मिनिटांत दोन आकडी पाच-पाच संख्यांच्या बेरजा करायच्या. काम पुरुषांचं नि बायकांचं सारखंच झालं, पण पुढच्या फेरीला नगावर, म्हणजे दर बरोबर बेरजेमागं पैसे घेणार की चौघांत पहिला येईल त्यालाच पैसे नि बाकीच्यांना काही नाही, असं विचारलं तर ७३ टक्के पुरुष स्पर्धेत उतरले नि बायका ३५ टक्केच.

आता का ते सांगतो. आमची आई निपाणीत बिड्या वळायची, मजुरी हजार बिड्यांवर, म्हणजे परफॉर्मन्स पे (जेवढं काम तेवढे पैसे) आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पानं ओल्या फडक्यात, मांडीवर सूप, बोलता बोलता ढीग पडायचा. एका दिवाळीला कारखान्यानं (कुठल्या ते राहू दे) सगळ्यात जास्त वळणारीला साडी लावली, तर आई नि शेजारच्या मावशी, गल्लीत सगळ्यात फास्ट ह्या दोघीच, मुद्दाम रोजच्याएवढ्याच घेऊन गेल्या. विचारलं तर म्हणाली, "पहिली येईन रे, पण मग पुढच्या महिन्यापासनं सगळ्यांकडंच तेवढ्या मागतील, नि घाईत वळलेल्या खराब म्हणून छाटून टाकतील ते वेगळंच." साडी कुणाला मिळाली आठवत नाही, मोरपंखी होती एवढं आठवतंय.