तांत्रिक माहिती नसलेल्या ग्राहकांसाठी कोणती सीएमएस (साइटवरचा मजकूर कोड न लिहिता बदलायची प्रणाली) घ्यावी? सल्ला हवा आहे

दवबिंदू (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी. मी सातारा भागात वेबसाइट करून देते. आजवर साधी एचटीएमएलची पानं करून द्यायचे आणि बदलही मीच करायचे. आता दोन कामं हातात आहेत. एक तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय, दुसरा गुहागरजवळचा होमस्टे.

वाचनालयात माहिती टाकणार आहेत ग्रंथपाल बाई. नवीन पुस्तकांची यादी, व्याख्यानमालेची पत्रिका, सुट्टीच्या सूचना. त्यांना वर्ड येतं, व्हॉट्सॲप येतं, त्यापुढे कधी गरज पडली नाही. होमस्टेवाल्यांना सीझनप्रमाणे दर बदलायचे असतात आणि फोटो टाकायचे असतात. वाचनालयाचा दरवर्षीचा खर्च कार्यकारिणीपुढे मांडावा लागतो, त्यामुळे महिन्याचं भाडं असलेलं काही नको. वर्डप्रेस, जुमला, विक्स, घोस्ट, कर्बी अशी नावं समोर आहेत. तुम्ही लोक काय देता?

शाईपेन:
वर्डप्रेस. २००३ पासून आहे, कुठल्याही गावात ते येणारा माणूस मिळतो. शिवाय डॅशबोर्ड, म्हणजे मजकूर टाकायची आतली बाजू, मराठीत करता येतो, तोही प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधून वेगवेगळा. बाईंना मराठी दिसेल, तुम्हाला इंग्रजी.

खडकवाट:
वर्डप्रेस द्या, पण देऊन विसरू नका. मी बघितलेल्या बहुतेक बिघडलेल्या साइटचं कारण एकच, कोणीतरी पंधरा-वीस प्लगिन (जादा सोयींचे जोड) टाकून निघून गेलेलं असतं आणि अपडेट कोणी करत नाही. देखभालीची रक्कम पहिल्याच कोटेशनमध्ये लिहा. वाचनालयाला ती परवडत नसेल तर कमीत कमी प्लगिन ठेवा, आपोआप अपडेट चालू ठेवा आणि बॅकअप होस्टिंगच्या (साइट जिथे ठेवलेली असते त्या सर्व्हरच्या) बाहेर जाईल असं बघा.

घोस्ट लेख आणि न्यूजलेटरसाठी छान आहे, तुमच्या दोन्ही कामांत बसत नाही. जुमला नव्याने शिकवण्यात मला अर्थ वाटत नाही.

चाफा:
दवबिंदूताई, सीएमएसचं नाव ठरवण्याआधी बाई आठवड्याला नेमकं काय टाकणार ते कागदावर लिहून काढा. माझ्या मते ती यादी 'सूचना', 'कार्यक्रम' आणि 'नवीन पुस्तकं' इथेच संपेल. मग वर्डप्रेसमध्ये तेवढेच तीन प्रकार करा. 'कार्यक्रम' उघडला की रिकामं पान दिसता कामा नये. तारीख, वेळ, वक्ते, विषय, पत्रिकेचा फोटो एवढे रकाने दिसावेत, एसीएफ या प्लगिनने ते सहज होतं. रकाने भरून 'प्रकाशित करा' दाबलं की पान तयार. रंग, फॉन्ट, मांडणी त्यांच्या हातात देऊ नका, पेज बिल्डर (ठोकळे ओढून पान मांडायचं साधन) तर मुळीच नको. तो आपल्याला विकायला सोपा असतो, पण एक ठोकळा चुकून सरकला की समोरचा माणूस घाबरतो आणि पुन्हा साइटला हात लावत नाही.

बाईंना 'संपादक' ही भूमिका द्या, प्रशासक नको. डावीकडच्या मेनूतल्या नको त्या गोष्टी आपोआप कमी होतात.

आता मराठीतल्या अडचणी, ज्या इंग्रजी व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही. वाचनालयाचा जुना मजकूर नक्की डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये, आलेला असणार. तो तसाच चिकटवला तर साइटवर निरर्थक चिन्हं उमटतात. आधी युनिकोडमध्ये (फोन आणि साइट सगळीकडे नीट दिसणाऱ्या प्रमाण लिपीसंकेतात) बदलून घ्या, आणि यापुढे पत्रिकेचा मजकूर युनिकोडमध्येच द्यायचा हे डीटीपीवाल्याला कार्यवाहांकडूनच सांगवा.

दुसरं, पानाचा पत्ता. शीर्षक देवनागरीत असलं की वर्डप्रेस तेच पत्त्यात घालतं. प्रत्येक अक्षराची, मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि २०० चिन्हांपाशी पत्ता कापला जातो, म्हणजे अक्षरं आणि मात्रा मिळून जेमतेम २२. व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब रांग दिसते आणि सभासदांना ती लिंक फसवी वाटते. पत्त्यात नुसता लेखाचा क्रमांक येईल अशी सोय करून ठेवा, बाईंना तिकडे बघावंच लागणार नाही.

साइटची भाषा मराठीच निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दिसतात. वाचनालयाच्या साइटवर हे मला महत्त्वाचं वाटतं.

खडकवाट:
चाफा यांच्या सल्ल्यात एक भर. हे सगळं झाल्यावर बाईंच्या शेजारी बसा आणि 'उद्या वाचनालय बंद राहील' ही सूचना त्यांना टाकायला सांगा. तोंडाने काहीही सांगू नका. जिथे त्यांचा हात थांबेल ती जागा तुम्ही दुरुस्त करायची.

मीठभाकर:
आमच्या स्टुडिओत कर्बी वापरतो. डेटाबेस नाही, मजकूर साध्या फायलींत राहतो, त्यामुळे बॅकअप म्हणजे फोल्डर उचलायचं. पॅनेलमध्ये तुम्ही ठेवाल तेवढेच रकाने दिसतात, नवख्या माणसाला मी यापेक्षा सोपं काही पाहिलेलं नाही. परवाना मात्र विकत घ्यावा लागतो. आणि उद्या तुम्ही नसलात तर तालुक्याच्या ठिकाणी कर्बी येणारा माणूस मिळणं कठीण. संस्थेसाठी तेवढ्या एका कारणाने मीही वर्डप्रेसच म्हणेन.

दवबिंदू:
मनापासून आभार. श्रीलिपीचं अगदी खरं आहे, व्याख्यानमालेच्या सगळ्या पत्रिका तशाच आहेत. होमस्टेसाठी विक्स चालेल का? तिथे महिन्याचं भाडं भरायला त्यांची हरकत नाही.

चाफा:
चालेल, पण विक्सवर केलेली साइट नंतर दुसऱ्या होस्टिंगवर उचलून नेता येत नाही, हे त्यांना आधीच सांगा. मला विचाराल तर त्यांना सीएमएसची गरजच नाही. दर वर्षातून मोजक्या वेळाच बदलतात, ते तुम्ही साध्या पानावर बदलून द्या आणि वर्षाचा करार करा. फोटो त्यांनी गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर फोनवरून स्वतः टाकावेत, पाहुणे नकाशातच शोधतात. मात्र स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, हवंच. त्या प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या, आणि ज्यांनी कार्डावर तोच पत्ता छापला होता त्यांची कार्डं वाया गेली.

शाईपेन:
डोमेनवरून आठवलं. वाचनालयाचं डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर घ्या, तुमच्या नाही आणि कार्यवाहांच्याही नाही. कार्यकारिणी बदलली की नूतनीकरणाचं ईमेल जुन्या माणसाच्या खात्यात पडून राहतं. संस्थेचं वेगळं ईमेल खातं उघडा, पासवर्ड लिफाफ्यात घालून कपाटात ठेवायला सांगा आणि नूतनीकरणाची तारीख वार्षिक अंदाजपत्रकाच्या यादीत घाला.

दवबिंदू:
वाचनालयाला वर्डप्रेस, तीन प्रकार, संपादक भूमिका. होमस्टेला साधं पान आणि करार. डोमेनचा मुद्दा पुढच्या बैठकीत मांडायला कार्यवाह काकांना आजच सांगते. बाईंसोबत चाचणी झाली की त्या कुठे अडल्या ते इथे लिहीन.