नॅड-ए चा तपकिरी रंग दुपारपर्यंत उडतो. काय चुकतंय?

प्रश्न: ई. कोलाय जिवाणूचं क्विनोलिनेट सिंथेज हे विकर (एन्झाइम), म्हणजे नॅड-ए, शुद्ध करतेय. निकेल कॉलमवरून उतरताना प्रथिन कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. जेवून येते तोवर फिकट, आणि क्रियाशीलता शून्य. जेलवर पट्टी मात्र स्वच्छ. सहा आठवडे यातच गेले, जीव तुटतो.

उत्तर: ताई, प्रथिन शाबूत आहे, गुच्छ गेलाय. चार लोह, चार गंधकांचा तो गुच्छ तीनच सिस्टीनांनी (११३, २००, २९७) धरलेला असतो. चौथा लोह अणू मोकळा, कारण अभिक्रियेचं काम तोच करतो. ऑक्सिजनही तिथेच घाव घालतो. पेशी फोडण्यापासून सगळं ग्लोव्ह बॉक्समध्ये (ऑक्सिजन नसलेल्या बंद पेटीत) करा. बफरमधून नुसता नायट्रोजन सोडून भागत नाही.

उत्तर: शिवाय पेशी वाढवतानाच आयएससी जनुकं (लोह-गंधकाचा गुच्छ बांधणारी) सोबत द्या, माध्यमात लोह आणि सिस्टीन घाला. मग गुच्छ टिकलाय का ते कळायला ४२० नॅनोमीटरजवळचं प्रकाशाचं शोषण बघा.

प्रश्नकर्ती: मी टेबलावरच करत होते! पण एक अडचण. नॅड-ए ला लागणारं इमिनोअस्पार्टेट टिकत नाही म्हणून ते बनवणारं विकर, नॅड-बी, त्याच नळीत घालते. त्याला ऑक्सिजन लागेल ना?

उत्तर: नाही, फ्युमरेट द्या. ऑक्सिजन नसताना नॅड-बी त्यावर चालतं.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार! शिगेला या जिवाणूत नॅड-ए आणि नॅड-बी चीच जनुकं निकामी झालीत, म्हणून त्याला निकोटिनिक आम्ल (एक ब जीवनसत्त्व) बाहेरून लागतं. ते वाचूनच मी या विकराच्या मागे लागले. सोमवारी ग्लोव्ह बॉक्स मिळतोय, रंग टिकला की इथेच कळवते.