टाकीचे नवे पंखे फिरायलाच तयार नाहीत

प्रश्न

माझी ४० लिटरची छोटी माशांची टाकी आहे, आत निऑन टेट्रा मासे आणि चेरी कोळंब्या. पाणी गार ठेवायला काठावर अडकवायचा दोन पंख्यांचा संच होता. तीन उन्हाळे त्याने निभावले, मग एक पंखा रात्रभर करकरायला लागला आणि परवा दोन्ही गप्प झाले. उघडलं तर आत ८० मिमीचे साधे कॉम्प्युटरचे पंखे निघाले. त्याच मापाचे नवे दोन आणले, १२ व्होल्टचे, प्रत्येकी तीन वायरी. लाल लालला, काळी काळीला जोडली, पिवळी टेप गुंडाळून मोकळी सोडली.

प्लग लावला तर एक पंखा नुसता थरथरतो. बोटाने ढकलला की फिरतो, पण उपकार केल्यासारखा. दुसरा तेवढंही करत नाही. दोन्ही नवे पंखे एकदम खराब निघतील का? पाणी ३१.५ अंशांवर आहे आणि निऑन वर येऊन तोंड उघडझाप करताहेत, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

उत्तर १

आधी मासे. एअर पंप असेल तर सुरू करा आणि झाकण काढा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, ते वर येतात ते त्यासाठीच. बर्फ टाकू नका, तापमान एकदम उतरलं तर कोळंब्यांना ते उकाड्यापेक्षा वाईट.

आता पंखे. ढकलल्यावर फिरतो म्हणजे पंखा चांगला आहे, त्याला व्होल्ट पुरत नाहीत. सुरू व्हायला जेवढे लागतात त्यापेक्षा कमी व्होल्टवर तो फिरत राहू शकतो. अडॅप्टरवर ‘आउटपुट’समोर काय छापलंय ते वाचा. जुन्या पंख्याच्या मधल्या स्टिकरवरही पाहा.

पिवळी सोडलीत ते बरोबर, ती फक्त फेरे मोजायला असते. पण उद्या चार वायरींचा पंखा आणलात तर याच सवयीने फसाल. त्यात बऱ्याचदा पिवळी हीच १२ व्होल्टची असते, हिरवी फेऱ्यांची आणि निळी वेगाची. काही पंख्यांच्या तर सगळ्याच वायरी काळ्या! म्हणून रंगावर जाऊ नका, कनेक्टरमधला क्रम पाहा: पहिली ऋण, दुसरी १२ व्होल्ट.

प्रश्नकर्ता

चष्मा लावून, टॉर्च मारून वाचलं. अडॅप्टर ५ व्होल्टचा आहे. जुने पंखेही ५ व्होल्टचेच! माप जुळलं, भोकं जुळली, म्हणून स्टिकर वाचायचं सुचलंच नाही. घरात जुन्या राउटरचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर पडून आहे. चालेल?

उत्तर २

चालेल. दोन्ही पंख्यांच्या स्टिकरवरचे अँपिअर मिळवा, बेरीज १च्या आत हवी, आणि ती असणारच. दोन्ही लाल एकत्र, दोन्ही काळ्या एकत्र. एकामागे एक जोडलेत तर १२ व्होल्ट दोघांत वाटले जातील आणि पुन्हा हाच तमाशा. जोडण्याआधी अडॅप्टरच्या पिनची आतली बाजू धन आहे ना, ते मल्टिमीटरने बघा. उलटं जोडल्यावर काही पंखे नुसते बसून राहतात, काही कायमचे बसतात.

वायरीला प्लगपाशी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून खाली गळेल.

प्रश्नकर्ता

दोन्ही फिरताहेत, वारा हाताला लागतोय! पण चार तासांत पाणी जेमतेम अर्धा अंश उतरलं. झाकणाची पुढची फट उघडी ठेवून पंखे मागच्या खाचेत बसवलेत.

उत्तर १

फट पुरत नाही. पाणी वाऱ्याने नव्हे, बाष्पीभवनाने गार होतं. ४० लिटर पाणी १ अंश उतरायला साधारण ७० मिली पाणी उडावं लागतं. झाकणाखाली दमट हवा कोंडली की उडणं थांबतं. झाकण बाजूला ठेवा, वर जाळी टाका, कोळंब्या-मासे उड्या मारतात. पंखे तिरपे करा, पृष्ठभागावर बारीक लहरी दिसल्या पाहिजेत. आणि हवा स्टिकरच्या, आडव्या दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. ती बाजू पाण्याकडे आहे ना?

प्रश्नकर्ता

एक पंखा उलटा होता. कबूल.

तो फिरवला, झाकण काढून जाळी टाकली. आज सकाळी २८.४. निऑन खाली झाडांत परतले. पाणी मात्र एका रात्रीत बोटाच्या पेराएवढं उतरलंय. नळाचंच भरू का?

उत्तर २

रोज नळाचं नको. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. वरून नळाचे क्षार घालत गेलात तर महिन्याभरात कोळंब्यांना कात टाकताना जड जाईल. भर घालायला आरओचं वापरा, नेहमीचं पाणीबदल चालू ठेवा. आणि हीटर किती अंशांवर लावलाय ते बघा. माझा एकदा २८वर राहिला होता, वरून पंखे आणि खालून हीटर असा आठवडाभर सामना चालला होता.