‘व्हर्च्यू’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारी अठराव्या शतकातली इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट हिच्या ‘अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन’ (१७९२) मधले काही उतारे मराठीत आणायचे आहेत. ‘व्हर्च्यू’ पानोपानी येतो. ‘सद्गुण’ फारच सुविचारी वाटतो. ‘चारित्र्य’ चालेल?

उत्तर : तिच्या तोंडी तरी नको. ‘चारित्र्यवान पुरुष’ म्हटलं की लाच न खाणारा, शब्दाला जागणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. बाईच्या चारित्र्याची गोष्ट निघाली की ती थेट तिच्या शयनगृहापर्यंत जाते. इंग्रजी ‘व्हर्च्यू’चीही तेव्हा हीच गत होती आणि मेरीचं भांडण त्याच्याशीच आहे. बायकांचे गुण वेगळे, पुरुषांचे वेगळे हे तिला मुळातच मान्य नाही. लज्जेलाही ती यातून सूट देत नाही. गुण विवेकातून येतात, विवेक शिक्षणाने वाढतो; मग शिक्षण नाकारून बायकांना उथळ ठरवायचं कोणत्या तोंडाने? आठवं प्रकरण तर बायकांच्या नावलौकिकाचं स्तोम नीतीलाच कसं पोखरतं, यावरच आहे.

आणि पुढे तिला झोडपलं ते याच आखूड अर्थाने. १७९७ मध्ये बाळंतपणानंतर ती गेली. वर्षभरात नवरा विल्यम गॉडविन याने तिचं चरित्र छापलं. आधीचा प्रियकर गिल्बर्ट इम्ले याच्याशी संबंध, लग्नाशिवाय झालेली मुलगी, आत्महत्येचे प्रयत्न, सगळं उघड. हेतू प्रेमाचाच, पण विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या विचारांना विरोध करणाऱ्या ‘अँटी-जॅकोबिन रिव्ह्यू’ या इंग्रजी नियतकालिकाने आपल्या सूचीत ‘वेश्याव्यवसाय’ या नोंदीपुढे ‘पाहा : मेरी वुलस्टनक्राफ्ट’ असं छापलं! त्यानंतर कित्येक दशकं स्त्रीहक्कवाल्यांनाही तिचं नाव घेणं अवघड झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्त्री-मताधिकार चळवळीतल्या मिलिसेंट फॉसेट यांनी तिच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, तेव्हा कुठे वारं फिरू लागलं. तरी २०२० मध्ये लंडनच्या न्यूइंग्टन ग्रीनमध्ये स्मारक उभं राहिलं आणि वाद पेटला तो त्यावरच्या नग्न स्त्री-आकृतीवरून. ‘ही मेरी नाहीच, तिच्यासाठी घडवलेली प्रातिनिधिक स्त्री आहे,’ हा शिल्पकार मॅगी हॅम्बलिंग यांचा खुलासा अनेकांना पटला नाही. मलाही नाही.

तेव्हा ‘सद्गुण’च ठेवा. गुळगुळीत आहे खरा, पण बाईला आणि पुरुषाला एकाच मापाने लागतो.

पुरवणी : मेरीच्या स्वतःच्या प्रस्तावनेतल्या ‘मॅस्क्युलिन’लाही जपा. ती म्हणते, शिकार, जुगार म्हणजे पुरुषीपणा असेल तर मीही त्याविरुद्ध ओरडेन. पण माणसाला उंचावणारे गुण म्हणजे पुरुषीपणा असेल तर बायका दिवसेंदिवस अधिक पुरुषी होवोत, असा तिचा डाव आहे. पहिल्या जागी ‘पुरुषी’ आणि दुसऱ्या जागी ‘मर्दानी’ घातलंत तर तो फसेल. दोन्हीकडे ‘पुरुषी’च हवं.