प्रतिसाद: अटलांटात रुळताना

अटलांटात नव्याने येणाऱ्याला खरा त्रास उन्हाळ्याचा होतो, हे या चर्चेत मांडलेले मत मला अर्धेच पटते. न्यू जर्सीच्या लोकलची सवय असलेल्या आम्हा दोघांचे अडले ते येण्याजाण्यापाशी, कारण मार्टाची (अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूक सेवेची) रेल्वे उत्तरेला नॉर्थ स्प्रिंग्ज स्थानकालाच थांबते आणि शेजारच्या ग्विनेट काउंटीच्या मतदारांनी १९७१, १९९० आणि २०१९ अशा तिन्ही वेळा मार्टात सामील होण्यास नकार दिला. म्हणून घर ठरवण्यापूर्वी कचेरीचा रस्ता सकाळच्या गर्दीत एकदा तरी स्वतः गाडी चालवून पाहावा, असे मी कळकळीने सुचवेन.

चर्चेत न आलेली आणखी एक गोष्ट म्हणजे पाइनचे पराग. मार्चअखेरीस रात्री धुतलेली गाडी सकाळी हळदीसारखी पिवळी झालेली दिसते, आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्याआधीच डॉक्टरांना भेटलेले बरे.