खड्ड्यात स्कूटर आदळून मागे बसलेली व्यक्ती जखमी: भरपाई कोणाकडून?

बाळकुमकर
समजा, घोडबंदर रोडवर रात्री स्कूटर खड्ड्यात आदळली आणि मागे बसलेल्या बाईंच्या नडगीचं हाड मोडलं. दुसऱ्या गाडीची धडक वगैरे काही नाही. भरपाई कोणाकडे मागायची? रस्त्याची प्रत्येक यंत्रणा दुसरीकडे बोट दाखवणार, विमा कंपनी चालकाकडे.

पाचपाखाडी
आधी रस्ता कोणाचा ते ठरवा. मेट्रो ४ चं काम एमएमआरडीएचं (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आतले रस्ते महापालिकेचे. मुख्य रस्त्याचा तो तुकडा अपघाताच्या तारखेला कोणाच्या ताब्यात होता, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. सोबत वर्क ऑर्डर आणि दोषदायित्व कालावधीही मागा, त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराच्या गळ्यात असते. नवी मुंबईत तर सायन-पनवेल महामार्ग, एमआयडीसी, सिडको, महापालिका असे वेगवेगळे धनी. शंका असेल तर सगळ्यांना प्रतिवादी करा. एकाला वगळलंत की बाकीचे त्याच्याच नावाने पावती फाडतात.

मुंबई उच्च न्यायालयाच्या १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानुसार खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. महापालिकेच्या बाबतीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती रक्कम ठरवते. दावा आल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत पैसे द्यायचे आहेत. ते नंतर ठेकेदाराकडून किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करणं ही यंत्रणेची डोकेदुखी, जखमीची नाही.

विमा_खिडकी
विम्याचं बघा. स्कूटरला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेल्याला त्यातून काही मिळत नाही, पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी) लागते. १५ लाखांचं अपघात संरक्षण मालक-चालकाचं, तेही मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरतं.

पॅकेज असली तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात म्हणायचं चालक चुकला आणि समितीपुढे म्हणायचं खड्ड्यामुळे झालं. दोन दगडांवर पाय! समोरचा वकील दोन्ही अर्ज शेजारी ठेवतो आणि काम तमाम. कलम १६४ मध्ये कोणाचीच चूक दाखवावी लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख, आणि हाड मोडणं कायद्याच्या व्याख्येतच गंभीर आहे. पण दुसऱ्या कायद्याखाली मिळालेली रक्कम त्यातून वजा होते, शिवाय १६४ चे पैसे स्वीकारले की १६६ चा दावा संपतो. हाड नीट जुळणार असेल तर माझ्या मते १६४ बरं. कामधंद्यावर परिणाम करणारं अपंगत्व येणार असेल तर सही करायची घाई नको. फक्त १६६ साठी अपघातापासून ६ महिन्यांचीच मुदत धरून चाला.

बाळकुमकर
खड्डा तर दोन दिवसांत बुजवतात. मग पुरावा?

पाचपाखाडी
त्याच दिवशी फोटो. खड्ड्यात मोजपट्टी उभी धरा, आणि चौकटीत मेट्रोच्या किंवा दिव्याच्या खांबाचा क्रमांक आला पाहिजे. पोलिसांकडून पंचनामा करून घ्या.

पण गाडी अडते ती बहुधा हॉस्पिटलच्या केसपेपरवर. भरती करताना घाबरलेले नातेवाईक 'गाडी स्लिप झाली' एवढंच सांगतात, डॉक्टर तेच मेडिको-लीगल (पोलिसांना कळवायच्या) नोंदीत लिहितात, पोलिस जबाबातही तेच उतरतं, आणि खड्डा कागदावरून गायब. चाक खड्ड्यात आपटून पडल्या असतील तर तसं, जागेच्या नावासकट, पहिल्याच नोंदीत यायला हवं. मूळ बिलं मेडिक्लेमला जाणार असतील तर आधी साक्षांकित प्रती काढा. आणि हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे, डोक्याला मार असेल तर तो मुद्दा हमखास निघतो.

कोपरखैरणेकर
समितीची रक्कम अपुरी वाटली आणि महापालिकेवर दिवाणी दावा टाकायचा ठरला, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी १ महिन्याची लेखी नोटीस, आणि दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत. सार्वजनिक बांधकाम विभाग म्हणजे राज्य सरकार, तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची २ महिन्यांची नोटीस. दोन्ही नोटिसा आवक विभागात देऊन शिक्क्याची पोच घ्या. ॲपवरचा तक्रार क्रमांक म्हणजे नोटीस नव्हे.