बॅरन बेटावर स्कूबा : नऊ डाइव्हवाल्याने जावं का? (मदत हवी आहे)

मंडळी, नमस्कार.

मी नागपूरचा, वय ४९. आमच्याकडे समुद्र म्हणजे फुटाळा तलावावर बसून भुट्टा खाणं. तरीपण तीन वर्षांपूर्वी तारकर्लीला जाऊन ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला. आजवर एकूण नऊ डाइव्ह झाल्यात, सगळ्या तिथल्याच. मालवणला बोटीला धरून दहा मिनिटं मासे दाखवतात, ते मी मोजत नाही.

आता अंदमानच्या एका ट्रिपची माहिती आली आहे. चार रात्री बोटीवरच मुक्काम आणि त्यात बॅरन बेटाभोवती डाइव्हिंग. बेटावर उतरायला परवानगी नसते हे माहीत आहे, मला उतरायचंही नाही. पण देशातला एकुलता एक जागता ज्वालामुखी, आणि त्याच्या उतारावर पाण्याखाली आपण! सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगडही लाव्हाचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. जन्म थंड लाव्ह्यावर गेला, एकदा गरम पाहून यावा म्हणतो.

घरी विषय काढला तेव्हा बायको सांबारवडी तळत होती. झारा हातात तसाच धरून म्हणाली, "मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्रीत भाजून जीव भरला नाही का तुमचा? ज्वालामुखी पाहायला चालले!" तिचं तसं चुकत नाही. १७८७ मध्ये पहिल्या उद्रेकाची नोंद, नंतर दीडशेहून जास्त वर्षं झोप, १९९१ ला जाग, आणि त्यानंतर अधूनमधून चालूच. २०१७ च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक जवळच समुद्रतळाचे नमुने घेत होते, त्यांच्या डोळ्यांदेखत राख उडायला लागली.

पण माझी भीती ज्वालामुखीची नाही, उजव्या कानाची आहे. सातव्या डाइव्हला तीन-चार मीटरवरच कानात कुणी काडी फिरवून राहिलं असं वाटलं. इन्स्ट्रक्टरसमोर लाज वाटली म्हणून तसाच दाबत खाली गेलो. वर आलो तर मास्कमध्ये रक्ताचा ठिपका. पुढच्या दोन डाइव्ह वर्षभराने केल्या, त्या नीट झाल्या, पण उतरताना छातीत धडधड होतेच.

तर विचारायचं ते असं : नऊ डाइव्हवर बॅरनला जाणं शहाणपणाचं आहे का? कानाचं काय करू? आणि आयोजक पूर्ण पैसे आगाऊ मागतो, ट्रिप रद्द झाली तर परत नाही म्हणतो. असंच असतं का सगळीकडे?

प्रतिसाद – खारावारा

दादा, मी मालवणचा, दोन हंगाम अंदमानात हॅवलॉक बेटावरही काम केलंय. स्पष्ट सांगतो, राग मानू नका. यंदा बॅरन नको.

तारकर्लीला आठ-दहा मीटरवर वाळू असते. तरंगणं चुकलं तर फार तर गुडघे टेकतात. बॅरन म्हणजे दोन हजार मीटरपेक्षा खोल समुद्रातून वर आलेल्या डोंगराचं टोक. काळी राखेची वाळू, लाव्ह्याच्या भिंती, त्यावर नव्याने धरलेलं प्रवाळ, पाणी काचेसारखं, नशीब असेल तर मांटा रे. पण भिंतीवर तुमच्या पायाखाली काही नाही. आणि पाणी इतकं स्वच्छ की खोली कळतच नाही. बारा मीटरवर आहोत असं वाटतं आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर चोवीस दाखवतो. ओपन वॉटरवर तुमची मर्यादा अठरा. त्यात प्रवाह. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) तिथून सुमारे १४० किलोमीटर, बोटीने कित्येक तास. काही झालं तर तुम्हाला तेवढं अंतर कापायचंय.

आधी हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) सहा-सात दिवस जा. ॲडव्हान्स्ड कोर्स करा, म्हणजे तीस मीटरची मुभा मिळेल. त्याहून महत्त्वाचं, तळाला न टेकता एका जागी पाच मिनिटं स्थिर राहायला शिका. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला किमान अठरा तास ठेवा. नागपूरचं तिकीट कोलकाता किंवा चेन्नईवरून जोडून काढाल, तेव्हा हे आधी बघा.

पैशांचं : समुद्र खवळला किंवा डोंगर फुटला तर बोट निघणार नाही, हे आयोजकालाही माहीत असतं. म्हणून "आमच्याकडून रद्द झालं तर काय" हे लेखी घ्या. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

प्रतिसाद – तर्रीपोहा

भाऊ, मीपण नागपूरचा, कानाचा त्रास भोगलेला. दाब पहिल्या दहा मीटरमध्येच दुप्पट होतो, म्हणून कान वरच्या वरच बोंबलतो. दुखायची वाट पाहू नका. पाण्यावर असतानाच एकदा नाक दाबून हळू कानाकडे हवा सारा, मग दर हातभर खाली गेलं की पुन्हा. दोर धरून पाय खाली ठेवून उतरा, डोकं खाली घालून नाही. अडलं की मीटरभर वर या, जोर लावू नका. लाज इन्स्ट्रक्टरची कशाला, तो रोज हेच पाहतो.

सर्दी असताना गोळी खाऊन उतरू नका. गोळीचा असर खालीच संपला तर वर येताना हवा अडकते, ते जास्त वाईट. आणि जाण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून पडदा तपासून घ्या, "डायव्हिंगला जातोय" हे सांगून. नाहीतर ड्रॉप देऊन पाठवतात.

धागाकर्ता

खारावारा, राग कशाचा! गुडघे टेकण्याचं वाचून हसू आलं, कारण माझ्या नऊही डाइव्हमध्ये मी तेच केलंय. बॅरन पुढच्या वर्षावर टाकतो. बायकोला सांगितलं तर म्हणे, "मग यंदा हॅवलॉकला मीपण येते." तिला पोहता येत नाही, हा वेगळा धागा होईल.

तर्रीपोहा, डॉक्टरची वेळ सोमवारची घेतली. रोज सकाळी पोहण्याच्या टँकच्या खोल बाजूला तरंगायचा सरावपण सुरू करतो.

एक राहिलंच : माझ्या लॉगबुकात (डाइव्हच्या नोंदवहीत) शेवटच्या दोन डाइव्हवर सही-शिक्का नाही, घाईत राहून गेला. ॲडव्हान्स्डच्या वेळी हॅवलॉकवाले त्या धरतील का, की सातच मोजतील?